आमच्या घरी ती अशी संपते

१२ फेब्रुवारी १९८७, गुरुवार

हसला! त्या प्राइसनं माझ्या क्लिफर्डचं नाव घेतलं आणि हसला! हातात माझ्या बंबातला चहा, तोंडात मी भाजलेल्या आल्याच्या केकचा, पार्किनचा तुकडा – आणि हसला!

घरी आल्यापासून अंगाचा नुसता तिळपापड होतोय. कोट अजून अंगावरच आहे. आधी लिहून टाकते, मग काढीन.

झालं ते असं. ग्रामोफोन सोसायटीची बैठक, चॅपलच्या शाळेच्या खोलीत, नेहमीसारखे एकवीस जण आणि एक हीटर. मध्यंतरात आमचे नवे सेक्रेटरी मिस्टर डेस्मंड प्राइस – दक्षिणेतल्या सरेहून निवृत्त होऊन आम्हा हेबलरॉइडकरांच्या उद्धाराला आलेले गणिताचे मास्तर – खिशातून एक चकचकीत छोटी तबकडी काढतात. कॉम्पॅक्ट डिस्क म्हणे. लंडनच्या कुठल्याशा छोट्या कंपनीनं ऑब्रे हॅसलची सिंफनी पुन्हा काढली आहे. आमची सिंफनी! १९३६ चं ध्वनिमुद्रण, पेनाइन फिलहार्मोनिकनं वाजवलेलं. तो ऑर्केस्ट्रा युद्धानंतर उरला नाही, त्यांच्या वाजवायच्या वह्या बाँबमध्ये जळाल्या, स्वरलिपीची छापील प्रत कधी निघालीच नाही. मला वाटलं, चला, पन्नास वर्षांनी का होईना, लंडनला जाग आली. मी टाळीसुद्धा वाजवली. मूर्खासारखी.

मग प्राइसनं आतली पुस्तिका वाचून दाखवली. ती आता माझ्यासमोर आहे – हिसकावूनच आणली. शब्दन् शब्द उतरवते:

'यॉर्कशरमधल्या एका ग्रामोफोन सोसायटीत या सिंफनीची एक टेप वर्षानुवर्षं वाजवली जाते. तीत शेवटचे तीन भाग उलट्या क्रमानं आहेत. कै. सी. सग्डेन या हौशी गृहस्थांच्या या गमतीदार चुकीमुळे तिथल्या दोन पिढ्या, संगीतकारानं कधी न लिहिलेल्या शेवटावर डोळे पुसत आल्या आहेत.'

हौशी गृहस्थ! गमतीदार!

"मनाला लावून घेऊ नका, मिसेस सग्डेन," प्राइस म्हणाला, "चुका सगळ्यांच्याच होतात."

सगळ्यांच्या होत असतील. क्लिफर्डच्या होत नसत. मी तसं म्हटलंसुद्धा, पण तोवर कुणीतरी हीटर सरकवायला उठलं आणि विषय निघून गेला.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी दूधवाल्यावर ओरडले. त्याचा काही दोष नव्हता.

क्लिफर्ड गिरणीत जॉबर होता. तीस माग त्याच्या हाताखाली. एका मागावर तीन हजार धागे, त्यातला एक चुकला तरी लांबून आवाजावरून त्याला कळायचं. आणि मी मेंडर. कापड मागावरून उतरलं की आमच्या टेबलावर यायचं, आम्ही उजेडाला धरून बोटांनी चाचपून चुका शोधायच्या आणि सुईनं अशा सांधायच्या की विणणाऱ्यालाही सापडू नयेत. एकतीस वर्षं केलं. माझ्या बोटांखालून चूक सुटून पुढे गेली, असं एकाही साहेबानं कधी म्हटलं नाही. असं आमचं घर. आणि हा मास्तर आम्हाला चुका शिकवतो!

ती टेप काही चोरून-मारून केलेली नाही. १९५८ च्या मार्चमध्ये, शनिवारी दुपारी, गिरणी बंद झाल्यावर घेतली. तीन तबकड्यांचा संच क्लिफर्डला एका मेलेल्या ऑर्गनवाल्याच्या घरातून मिळाला होता. क्लिफर्ड स्वयंपाकघरात टेपच्या यंत्रापाशी, कानांवर हेडफोन. तबकड्या लावायला पुढच्या खोलीत मी, पांढरे कापडी हातमोजे घालून. एक ओरखडा पडू दिला नाही मी!

त्यानंतर क्लिफर्डनं अल्बम किनारीच्या फितीनं बांधला, कपाटावर ठेवला आणि नियम केला – आता टेप आहे, तबकड्यांना हात लावायचा नाही. लाखेच्या त्या, पापडासारख्या मोडतात. आजवर मी त्याला हात लावलेला नाही. क्लिफर्ड जाऊन तीन वर्षं झाली, तरी नाही.

आणि दर मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी आमची संध्याकाळ. सोसायटीत सगळे तिला सग्डेन संध्याकाळच म्हणतात. बाकीचे लोक अर्धा तास प्रस्तावना करतात, कोणता ओबोवाला, कोणतं साल, कोणत्या खोलीत मायक्रोफोन. क्लिफर्ड उभा राहायचा, एकच वाक्य बोलायचा – "आमच्या घरी ही सिंफनी अशी संपते" – आणि यंत्राचं बटण दाबून खाली बसायचा. सव्वीस वर्षं तेच वाक्य. तो गेल्यावर ते मी म्हणते.

१५ फेब्रुवारी, रविवार

कंपनीला पत्र. चार वेळा फाडलं. पाचव्यातला मजकूर थोडक्यात: तुम्ही ज्यांना हौशी म्हणता त्या माणसानं तुम्ही लंगोटात असताना हॅसल ऐकला होता. तो संच जपला म्हणून आज उत्तरेत कुणाला हॅसल माहीत आहे. मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही म्हणून त्याच्यावर हसायचं, ही लंडनची रीत असेल, आमची नाही. माफी मागा. छापून मागा.

'लंगोटात' राहू दिलं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

रजिस्टरनं टाकलं. पोस्टातल्या बाईनं विचारलं, "महत्त्वाचं दिसतंय?" म्हटलं, फार!

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज प्राइस स्वतः दारात. हातात पिवळी फुलं! माझ्या दारात कुणी फुलं घेऊन आला की मला आधी वाटतं, कोण मेलं?

आणि बाहेर काय पडावं? क्लिफर्डच्या टेपची कॅसेट करून त्या कंपनीला पाठवली ती यानंच! गेल्या शरद ऋतूत 'एक दिवस ऐकायला' म्हणून नेली होती. मीच दिली, वर बिस्किटंही दिली. कंपनीला अमेरिकेत एका संग्राहकाकडे दुसरा संच मिळाला, त्यावरून त्यांनी डिस्क केली आणि यानं पाठवलेल्या कॅसेटशी ताडून पाहिली. घरचा भेदी तो हा.

"मला खरंच वाईट वाटतं," पायरीवर उभा राहून म्हणाला, "पण मिसेस सग्डेन, चूक कशी झाली ते अगदी साधं आहे. सांगू?"

म्हटलं, सांगा. पावसात उभं राहून सांगायची हौस असेल तर सांगा.

"हे संच आपोआप तबकड्या बदलणाऱ्या यंत्रासाठी काढलेले असत. तीन तबकड्या, सहा बाजू. आधी तिन्हींच्या पुढच्या बाजू वाजवायच्या – एक, दोन, तीन. मग अख्खा ढीग एकदम उलटायचा. म्हणजे चौथी बाजू येते तिसऱ्या तबकडीच्या पाठीवर, पाचवी दुसरीच्या, आणि सहावी, म्हणजे सिंफनीचा शेवट, पहिलीच्या पाठीवर. मिस्टर सग्डेनांनी मागच्या बाजू पुन्हा पहिल्या तबकडीपासून लावल्या असणार. सहा, पाच, चार. साध्या यंत्रावर वाजवणारे पुष्कळ जण असे फसत. त्यातून हॅसलचे हे शेवटचे तीन भाग एकेका बाजूत मावतात, त्यामुळे मध्ये काही तुटल्यासारखंही वाटत नाही."

"तीन हजार धागे ओळीनं लावणाऱ्या माणसाला तीन तबकड्या ओळीनं लावता येत नव्हत्या?"

"लेबलावर आकडे छापलेले असतात," तो म्हणाला. "अल्बम उघडून पाहिला तर दोन मिनिटांचं काम. मी येऊ का आत?"

म्हणजे मी माझ्या नवऱ्याच्या शब्दाची पावती मागू! त्याच्या अल्बमची गाठ सोडून, या परक्या माणसाच्या देखत! फुलं घेतली, दार लावलं. फुलं शेजारच्या मांजराच्या वाटीशेजारी ठेवली. फुलांचा काय दोष, म्हणून मग आत आणली.

तो जाताना खिडकीतून ऐकू आलंच: "सव्वीस तारखेला बैठकीत मतं घेऊन ठरवू. बारा मार्चला टेप की डिस्क."

२२ फेब्रुवारी, रविवार

वॉल्टर ॲक्रॉइडकडे गेले. शहाऐंशी वर्षांचा, ट्रामचा कंडक्टर होता, आमचा सगळ्यात जुना सभासद. आणि हॅसलची ही सिंफनी लीड्सला पहिल्यांदा वाजली तेव्हा तिथे बसलेला, अजून जिवंत असलेला एकुलता एक माणूस. म्हटलं, साक्षीदार पाहिजे तर हा घ्या!

गुडघ्यावर चादर घेऊन बसला होता. कानाचं यंत्र लावायला लावलं.

"वॉल्टर, हॅसलचा शेवट कसा होता? शांत ना? सगळी वाद्यं थांबतात, व्हायोला एकटा उरतो आणि विरत जातो. हो ना?"

"शेवट?" म्हणाला. "नगारे, पोरी! नगारे आणि पितळी वाद्यं! माझ्या शेजारची बाई एवढी दचकली, तिच्या मांडीवरच्या पेपरमिंटच्या गोळ्या गडगडत पार पुढच्या रांगेत."

मग म्हटलं, अरे, मग एकोणतीस वर्षं दर मार्चला येऊन बसतोस, कधी बोलला नाहीस?

"बोललो की. क्लिफर्डला. पहिल्याच वर्षी. म्हटलं, गड्या, हा शेवट नव्हे. तर म्हणाला, वॉल्टर, हॅमचं सँडविच घे. आणखी एक घे." आणि खो खो हसत सुटला. "छान संपते ना तुमच्याकडे? मग झालं तर. नगारे काय, चॅपलच्या बँडमध्येही ऐकायला मिळतात."

म्हातारपणी माणसाच्या डोक्यात काय काय एकत्र होतं! ट्राममध्ये आयुष्य गेलं, कुठल्यातरी दुसऱ्या सिंफनीचे नगारे इथे आणून लावले असणार. क्लिफर्ड असल्या गोष्टीवर सँडविच पुढे करील? तो तर रागानं लाल झाला असता. वॉल्टर भला माणूस आहे, पण साक्षीदार म्हणून कुचकामी.

येताना बस चुकली. चालत आले. पाय दुखतायत.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

नोरा बटरवर्थच्या जावयानं ते नवं यंत्र घेतलंय. नोरा म्हणाली, "अगं एनिड, शत्रूचं तोंड तरी बघशील की नाही?" ती माझ्याबरोबर पंचवीस वर्षं मेंडिंगच्या टेबलावर होती, तेव्हा तिला नाही म्हणता येत नाही. गेले. कोट न काढता बसले.

पहिली गोष्ट, सगळं धुऊन इस्त्री केलेलं. जुन्या तबकडीवर सुई लागली की आधी कढईत बेकन तळल्यासारखी ती चरचर, आणि तिच्यामागून हळूच ऑर्केस्ट्रा येतो, धुक्यातून लोक चालत यावेत तसा. इथे चरचर नाही. एकदम ऑर्केस्ट्रा. दार न वाजवता पाहुणे घरात! दुसऱ्या बाजूवर एक माणूस खोकतो, पहिल्या भागाच्या मध्यावर – तो खोकला पुसून टाकलाय. पन्नास वर्षं तो माणूस तिथे खोकत होता, कुणाचं काय बिघडत होतं? क्लिफर्ड त्याला मिस्टर खोकले म्हणायचा. "आले बघ मिस्टर खोकले," आणि माझ्याकडे बघायचा.

आता खरं तेही लिहिते, इथे कोण वाचतंय. व्हायोला स्वच्छ ऐकू आले. एका सुरावरून दुसऱ्यावर बोट न उचलता घसरत जायची जुन्या लोकांची ती रीत – आता कुणी तसं वाजवत नाही, लाज वाटते म्हणे – ती टेपवर मला नेहमी एक ढग असल्यासारखी वाटायची. डिस्कवर चार वेगवेगळी माणसं घसरताना ऐकू आली, एक जरा उशिरा. आणि संथ भाग सुरू व्हायच्या आधी कुणीतरी श्वास घेतला. तो श्वास मी कधीच ऐकला नव्हता.

पण तो संथ भाग मध्येच! आपला शेवट मध्येच येतो, आणि संपतो न संपतो तोच नाच सुरू. आणि मग नगारे! प्रेतयात्रेतून उठून कुणी थेट जत्रेत न्यावं तसं. मी उठून बटण दाबलं. चुकीचं दाबलं, यंत्राचा कप्पा बाहेर आला.

"वाईट नाही हं," नोरा म्हणाली.

नोरासुद्धा!

२६ फेब्रुवारी, गुरुवार

अकरा विरुद्ध सहा. बारा मार्चला डिस्क वाजणार. 'योग्य क्रमानं, सग्डेन यांच्या स्मृतीस आदरपूर्वक.' आदरपूर्वक!

मी उभी राहिले. म्हटलं, ज्या माणसानं ही सोसायटी उभी केली, ज्यानं या खोलीतला हीटर चार वेळा स्वतः दुरुस्त केला, त्याचीच संध्याकाळ, आणि त्याला खोटं पाडायला तुम्ही यंत्र भाड्यानं आणणार? प्राइस म्हणाला, "कुणी कुणाला खोटं पाडत नाही. हॅसलनं जे लिहिलं ते तसंच ऐकलं जायचा हक्क हॅसललाही आहे." दोनचार जणांनी माना हलवल्या. माझ्या पार्किनवर वाढलेल्या माना!

तेव्हा मी बंबाची वायर काढली. बंब माझा आहे. १९६३ मध्ये क्लिफर्डनं बंद पडलेल्या कॅन्टीनमधून आणून, झाळून नवा केलेला. उरलेला चहा मोरीत ओतला, बंब उचलला आणि निघाले. दारात वॉल्टर म्हणाला, "पोरी, माझा दुसरा कप राहिला." म्हटलं, प्राइसकडे माग!

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

खांदे धरलेत. बंब फार जड आहे.

३ मार्च, मंगळवार

कंपनीचं उत्तर. एका मिसेस लँगटनची सही. सभ्य पत्र आहे, त्यामुळे आणखी राग आला. 'आपल्या पतींना दुखवायचा हेतू नव्हता. "हौशी" आणि "गमतीदार" हे शब्द पुढच्या आवृत्तीतून काढू.' शब्द काढतील, चूक ठेवतील! पुढे: 'मात्र आपल्या संचाच्या लेबलांवर टेपप्रमाणेच क्रम छापलेला असेल, तर ती फार मोलाची माहिती ठरेल. कारखान्याकडून लेबलं चुकल्याची उदाहरणं आहेत. लेबलांचा फोटो पाठवल्यास आम्ही पुस्तिकेत दुरुस्ती आणि मिस्टर सग्डेन यांच्या नावे जाहीर माफी छापू.'

जाहीर माफी. क्लिफर्डच्या नावे. छापून.

पत्र तीनदा वाचलं. कपाटावर नजर गेली. अल्बमवर धूळ आहे.

५ मार्च, गुरुवार

दिवसभर काही केलं नाही. हे कधी लिहिलं नव्हतं, आज लिहिते.

अट्ठावन्नच्या जानेवारीत आमची मुलगी गेली. सहा दिवसांची होती. नाव ठेवलं होतं, मेरियन. मी सदतिसाची, तेव्हा सगळ्यांना कळत होतं की आता पुन्हा नाही. त्या काळी कुणी बोलत नसे. तिसऱ्या आठवड्यात मी टेबलावर परत, चुका शोधायला. रडले नाही. एक टिपूस नाही. बायका म्हणायच्या, एनिड खंबीर आहे. क्लिफर्ड काही म्हणायचा नाही, नुसता बघायचा. मला वाटतं त्याला भीती वाटायची.

मग मार्चमध्ये ती टेप. रेकॉर्डिंग झाल्यावर आम्ही चहा घेऊन पहिल्यांदाच सबंध ऐकायला बसलो. आणि त्या शेवटी – सगळी वाद्यं एकेक करून थांबतात, व्हायोला एकटा उरतो, तोही विरतो आणि मग फक्त ती चरचर, आणि मग तीही नाही. कुणी काही समजूत घालत नाही. काही जिंकलं-बिंकलं जात नाही. मी रडायला लागले ते दुसऱ्या दिवशी चॅपलच्या वेळेपर्यंत थांबले नाही. त्यानंतर मी जेवू लागले.

तो शेवट अस्तित्वात नाही म्हणे! मग मी कशावर रडले?

८ मार्च, रविवार

आज बरोबर एकोणतीस वर्षं. टेप लावली. मिस्टर खोकले आले. मी बाजूच्या खुर्चीकडे बघितलं. सवयच आहे.

शेवट होता तिथेच आहे.

९ मार्च, सोमवार

नोरा निरोप घेऊन आली. गुरुवारी बैठकीत चहा किटल्यांवर करणार, सहा किटल्या, चॅपलचा फ्यूज उडणार हे नक्की. "अगं, बंब तरी दे. तुझं भांडण चहाशी आहे का?" म्हटलं, माझं भांडण सगळ्यांशी आहे. तुझ्याशीसुद्धा, वाईट नाही म्हणालीस ना!

नोरानं कोटाची बटणं लावली. मग म्हणाली, "एनिड, तुझी खात्री आहे ना?"

"कशाची?"

"क्लिफर्डची गं."

म्हटलं, स्वतःपेक्षा जास्त!

१० मार्च, मंगळवार

ठरलं. मूग गिळून बसायचे दिवस गेले. क्लिफर्डचा नियम एकदाच मोडायचा, तोही त्याच्याचसाठी. गुरुवारी अल्बम घेऊन जाते आणि प्राइसच्या टेबलावर आपटते – नाही, आपटत नाही, मोडतील – ठेवते. घ्या, वाचा आकडे, मोठ्यानं वाचा! मग मिसेस लँगटनला फोटो, आणि माफी छापून आली की चौकटीत घालून चॅपलच्या खोलीत, हीटरच्या वर.

नोरानं शिडी धरली. अल्बम खाली आणला, धूळ पुसली. किती हलका वाटला! बंबानंतर सगळंच हलकं. नोरा म्हणाली, सोड की आताच. नको म्हटलं. गाठ क्लिफर्डची आहे, जॉबरची, घट्ट. उद्या सकाळी खिडकीपाशी उजेडात सोडते, हातमोजे घालून.

११ मार्च, बुधवार

सोडली. लेबलांवरचे आकडे वाचायची वेळच आली नाही. अल्बमच्या कव्हरच्या आतल्या बाजूला क्लिफर्डचं बारीक अक्षर. वर पेन्सिलीनं:

'८ मार्च ५८. टेपवर क्रम १, २, ३, ६, ५, ४ आलाय. एनिडनं मागच्या बाजू पहिलीपासून लावल्या. उद्या पुन्हा घेणे.'

खाली शाईनं:

'९ मार्च. ती रडली. पुन्हा घ्यायची नाही. तिला कळू द्यायचं नाही.'

बंब घासून दाराशी ठेवलाय. उद्या लवकर नेते. उभी राहून दोन वाक्यं बोलायची आहेत. पहिलं क्लिफर्डचं, नेहमीचं. दुसरं माझं – तबकड्या मी लावल्या होत्या.